खंडेनवमीचं तेल

रोह्याला मी खोली बघायला गेले तेव्हा घरमालकीण काकूंनी खोली दाखवायच्या आधी दाराच्या कडीला तेल घातलं. त्यांच्या हातात लांब चोचीची पत्र्याची बुधली होती. कडीवर थेंब, कोयंड्यावर थेंब, बिजागऱ्यांवर थेंब. मग दार उघडमीट करून त्यांनी मान वाकडी केली आणि ऐकलं. "करकरतंय काय? नाय ना?" असं त्यांनी मला अशा थाटात विचारलं, की मी खोली भाड्याने घ्यायला नव्हे, दार विकत घ्यायला आले असावे. पाणी किती वाजता येतं, स्वयंपाकघर वेगळं आहे का, हे माझे प्रश्न ओठांवरच राहिले. "सायकल हाय तुझ्याकडं?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. "घे मग. तेल मी देईन," म्हणाल्या, आणि खोली मला मिळाली.

मी साताऱ्याकडची. रोह्याच्या शाळेत नोकरी लागली म्हणून नव्वदच्या दशकात त्या बाजूला गेले, आणि काकूंच्या घरात बरीच वर्षं राहिले. त्या मला कधी नावाने हाक मारत नसत. मूड चांगला असला की 'मास्तरीण', नसला की 'घाटावरची'.

या तेलाच्या वेडाचं मूळ त्यांच्या माहेरात होतं. माहेर पेणच्या पलीकडचं, खाडीकाठचं. वडील मिठागरावर कामाला. त्या सांगायच्या, "आमच्याकडं नवा कोयता आणला ना, की दुसऱ्या दिवशी मीठ त्याच्यावर जेवायला बसायचं." बादलीच्या कड्या, विहिरीचा रहाट, पेटीचं कुलूप, सगळं मिठाने खाल्लेलं बघत त्या मोठ्या झाल्या. लग्न होऊन रोह्याच्या भातगिरणीवाल्यांच्या घरात आल्या तेव्हा खाडीचा वारा मागे राहिला, पण विश्वास काही बसला नाही. झोपाळ्याच्या कड्या, शिवणयंत्र, कुलपं, छत्रीच्या काड्या, यांना दर आठवड्याला तेल. एकदा मी चष्मा काढून ठेवून तोंड धुवायला गेले, तर त्यांनी तेवढ्यात चष्म्याच्या दांड्यांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. त्या दिवशी दिवसभर मी वर्गातली पोरं धुक्यात बसल्यासारखी बघितली. माझ्या शाळेच्या फाटकाचा आवाज त्यांना बाजारात ऐकू आला, म्हणून त्या भाजीच्या पिशवीतून बुधली घेऊन आल्या आणि चालू शाळेत फाटकाला तेल घालून गेल्या. हेडमास्तर त्यांना कुणाची तरी पालक समजले आणि नमस्कार करून बसले.

त्यांच्याशी बोलणं म्हणजे एक परीक्षाच होती. आपण काहीतरी जीव तोडून सांगत असायचो आणि त्यांची मान हळूहळू कलायची. आपल्याला वाटायचं, किती मन लावून ऐकतायत. मग त्या म्हणायच्या, "थांब गो. तुझा पंखा कण्हतोय."

नवरा गेल्यावर गिरणी त्यांनीच चालवली. नवऱ्याने जाण्याच्या आदल्या वर्षी एक जुनी फियाट घेतली होती. नातेवाईक म्हणाले, विकून टाका, चालवणार कोण? काकू तेव्हा चाळिशी ओलांडलेल्या. त्यांनी गिरणीच्या अंगणात, वाळत घातलेल्या भाताभोवती फेऱ्या मारत गाडी शिकून घेतली. मला गाडीत बसायचा योग आला तेव्हा त्या चांगल्या मुरलेल्या होत्या. पदर खोचून, सीटवर उशी घेऊन, नाक काचेला लागेल इतक्या पुढे सरकून बसायच्या. सायकलवाले आम्हाला मागे टाकायचे आणि वळून बघायचे. मी एकदा वेगाबद्दल काही बोलले, तर म्हणाल्या, "जोरात नेली की तिचा आवाज वाऱ्यात जातो. मग ऐकायचं काय?"

ही गाडी दर रविवारी पेणच्या पलीकडे जायची. तिथे त्यांची थोरली बहीण राहायची. काकू तिला 'बाय' म्हणत, म्हणून मीही बाय म्हणू लागले. बायला मूलबाळ नव्हतं, नवरा कधीच गेलेला. खाडीकाठच्या त्या गावात एका खोलीत ती एकटी राहायची. गुडघ्याने दगा दिलेला. दारातून अंगणात यायचं तरी काठी आणि वेळ दोन्ही लागायची. शेजारीपाजारी पाणी भरून द्यायचे, बाजार आणून द्यायचे, पण घराबाहेर जाणं असं तिला आठवड्यातून एकदाच, काकूंच्या गाडीतून. पुढच्या सीटवर ऐसपैस बसून ती बांधावरून मिठागरापर्यंत जायची. तिथे काच खाली करून खारा वारा घ्यायचा, कुणाच्या आगरात किती पाणी घेतलंय ते बघायचं, कामावरच्या बायकांना हाका मारायच्या, आणि काकूंनी वाटेत वडखळला घेतलेला वडा खायचा.

गाडीत बसल्याबसल्या बायचं तोंड सुरू व्हायचं. आठवडाभराचं साठलेलं असायचं बिचारीचं. आणि काकू लगेच म्हणायच्या, "गप गो बाय, इंजिन ऐकू दे." बाय गप बसायची, रस्त्यात खड्डा आला की पुन्हा सुरू करायची, की पुन्हा काकूंचं "गप गो." मी मागच्या सीटवर पापडांचे डबे आणि वालाची पिशवी सांभाळत हे ऐकत असे. दोघींचं प्रेम आहे हे दिसत होतं, पण ते कुठल्याच वाक्यात सापडत नव्हतं.

मी एकदा विचारलं, "काकू, इतकी धावपळ करता, त्यापेक्षा बायला रोह्यालाच का नाही आणत?" काकूंनी त्या वेळी कुलपात तेल सोडलं होतं. किल्ली फिरवत म्हणाल्या, "विचारलं व्हतं. आमचे हे गेले, तवाच. तर म्हणाली, तुझ्या गिरणीचा कोंडा खायला येऊ काय? मग मी नाय परत विचारलं." 

आता त्या तेलाची गोष्ट.

गाडीचं तेल काकू स्वतः बदलायच्या. गॅरेजवाल्यांवर त्यांचा राग होता, कारण एकाने तेल बदलताना रेडिओ लावला होता. वर्षातून एक तेलबदल ठरलेला, तो खंडेनवमीचा. दसऱ्याला माणसं नवे कपडे घालतात, मग गाडीला नवं तेल नको? त्यांच्या घरची आणखी एक रीत होती. नवमीला गिरणीची सगळी हत्यारं, पाने, पकडी, हातोडा, कोयते पाटावर मांडून पूजा व्हायची, आणि दसऱ्याचं सोनं वाटून झाल्याशिवाय त्यांतल्या एकालाही हात लावायचा नाही. गिरणीसुद्धा तेवढा वेळ बंद. एरवी देवधर्माच्या बाबतीत काकू तशा ढिल्याच होत्या, पण या रितीत त्यांना दमडीचीही सूट चालत नसे.

त्या वर्षी काकू सकाळीच अंगणात पोतं अंथरून गाडीखाली शिरल्या. शाळेला सुट्टी होती, मी पायरीवर वालाचं बिरडं सोलत बसले होते. काळं झालेलं तेल घमेल्यात उतरत होतं आणि गाडीखालून काकू माझ्याशी बोलत होत्या, म्हणजे गाडीशी. तेवढ्यात भटजी आले. दरवर्षीपेक्षा फार लवकर. काकूंना गाडीखालून फक्त त्यांचे पाय दिसले.

"काकू, पूजा आत्ताच उरकू या. मला पुढे अजून पुष्कळ घरं आहेत."

"थांबा जरा. एवढं तेल उतरू दे."

"मग मी संध्याकाळीच येईन."

संध्याकाळी म्हणजे मुहूर्त गेला. काकूंनी जमिनीवरूनच एक सुस्कारा टाकला. तेल उतरून झालं होतं. त्यांनी तेलाच्या टाकीच्या तळाचा नट हाताने फिरवून बसवला, बोटांनी आवळला, बाहेर आल्या, पाना स्वच्छ पुसला आणि बाकीच्या हत्यारांशेजारी पाटावर ठेवला. त्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला. भटजी घाईघाईने निघून गेले आणि काकूंनी गाडीत नवं तेल ओतलं.

"काकू, तो नट पान्याने आवळायचा राहिला ना?" मी विचारलं.

"आता कसा आवळू? पाना देव झाला. देवाला गाडीखाली नेऊ काय?"

"मग कधी आवळणार?"

"सोनं वाटून झालं की."

"आणि सोनं कुठे वाटणार?"

यावर त्या तेलाच्या रिकाम्या डब्याचं झाकण लावू लागल्या. कारण त्यांचं पहिलं सोनं दरवर्षी बायला असायचं. त्यासाठी पेणच्या पलीकडे जायला हवं, आणि जायचं तर गाडीतूनच. म्हणजे सोनं दिल्याशिवाय नट आवळायचा नाही आणि सोनं द्यायला त्याच नटावर विसंबून जायचं. मी हे बोलून दाखवलं. काकूंनी दोन्ही तळवे माझ्यासमोर धरले. "ह्या हातांनी गिरणीचा पट्टा ओढलाय. एवढासा नट नाय धरणार? तू बिरडं सोल."

दसऱ्याला सकाळी गाडीचा थाट बघण्यासारखा होता. बंपरला आंब्याची डहाळी, टपावर फुलं, आणि आत काचेखाली, जिथे काटे आणि दिवे असतात, तिथे झेंडूची चांगली मनगटाएवढी जाड माळ. शिवाय पुढच्या बाजूला बैलांची घुंगरमाळ बांधलेली. सासऱ्यांच्या बैलजोडीची ती माळ वर्षातून एक दिवस फियाटला मिळायची. आम्ही छुमछुम करत कोलाडला हायवेला लागलो. गोव्याच्या बाजूने फुलांनी सजलेले ट्रक येत होते आणि हॉर्न देऊन आमच्या घुंगरांना दाद देत होते. काकू खुशीत होत्या. माझ्या मांडीवर आपट्याच्या पानांची पिशवी होती.

खांब मागे पडलं आणि मला करपल्यासारखा वास आला. मी तसं म्हटलं. "ट्रकांचा," काकू म्हणाल्या. सुकेळी खिंडीचा चढ लागला. चढाच्या शेवटी एक ट्रकवाला आमच्या बाजूला आला, खिडकीतून हात काढून आमच्या गाडीच्या पोटाकडे बोट दाखवू लागला. काकूंना वाटलं घुंगरमाळेला दाद देतोय. त्यांनी मान डोलावली. मग चढ संपता संपता घुंगरांतूनही एक आवाज वर आला, डब्यात वाल खुळखुळावेत तसा. काकूंचा चेहरा मी कधी विसरणार नाही. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि झेंडूची माळ उचलली.

माळेखाली तेल संपल्याचा तांबडा दिवा लख्ख पेटलेला होता. काकूंनी झटकन किल्ली फिरवून गाडी बंद केली. 

"कवापासून पेटलाय गो हा?"

याचं उत्तर मला, काकूंना आणि देवालाही माहीत नव्हतं. काकू उतरून वाकल्या. नट जागेवर नव्हता. मागे रस्त्यावर कोऱ्या, सोनेरी तेलाची बारीक रेघ उमटली होती. नट कुठे पडला, इंजिन किती वेळ कोरडं फिरलं, काहीच कळायला मार्ग नव्हता. जगातल्या प्रत्येक बिजागरीला तेल घालणाऱ्या बाईचं स्वतःचं इंजिन कोरडं पडलं होतं. एरवी मी यावर नक्की काहीतरी बोलले असते. पण काकूंनी बॉनेटवर हात ठेवला आणि त्यांना चटका बसला तरी तो काढला नाही, तेव्हा माझं तोंड मिटलं.

तो ट्रकवाला भला होता, पुढे जाऊन थांबला होता. त्याने आणि त्याच्या क्लीनरने आम्हाला ढकलून उताराला लावलं. बंद गाडी खिंडीतून नागोठण्याच्या बाजूला घरंगळत निघाली. काकूंची गाडी एवढ्या वेगाने गेलेली मी त्याआधी किंवा नंतर कधी पाहिली नाही.

उतार संपला तिथे एक गॅरेज होतं. गॅरेजवाला नवा सदरा घालून, कपाळाला टिळा लावून ओट्यावर बसला होता. काकूंनी त्याला काय झालं ते सांगितलं. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि आतल्या भिंतीकडे हात केला. तिथे पाटावर त्याचे सगळे पाने, पकडी, जॅक ओळीने मांडलेले होते. हळदकुंकू, झेंडू, समोर उदबत्ती.

"आज हत्याराला हात नाय लावायचा, काकू. शिलंगणाहून येऊ दे. मग करतो."

मी काकूंकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना त्यांच्याच रितीचा दुसरा माणूस भेटला होता.  "बरोबर हाय तुमचं," एवढंच म्हणाल्या, आणि ओट्यावर बसल्या.

आम्ही तिथे अख्खी दुपार काढली. गॅरेजवाल्याच्या बायकोने आम्हाला श्रीखंड-पुरी वाढली. काकू जेवत होत्या, पण डोळे पाटावरच्या पान्यांवर. मी म्हटलं, मी एसटीने जाऊन बायला सांगून येते. काकू म्हणाल्या, "सणाची एसटी मिळेल, पण परत यायला नाय मिळायची. आणि सोनं माझ्या हातचं पायजे तिला." बायच्या गावात कुणाकडे फोन नव्हता. बाय दारात बसून वाट बघत असणार, हे आम्हा दोघींनाही दिसत होतं.

ऊन कलल्यावर गॅरेजवाला सोनं वाटून आला. आम्हालाही दिलं. जुन्या सामानातून एक नट शोधून त्याने पान्याने आवळला, तेल भरलं आणि गाडी सुरू केली. गाडी सुरू झाली. त्याने स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ऐकलं.

"आवाज हाय काय?" काकूंनी विचारलं.

"हाय पण, आणि नाय पण."

"म्हणजे काय रे?"

"म्हणजे खोलल्याशिवाय सांगता नाय येणार. आत घासलं असेल तर आज चालेल, उद्या चालेल, एक दिवस धरेल ते, अडकून जागच्या जागी बंद. नसेल घासलं, तर माझ्यापेक्षा जास्त जगेल."

"एक दिवस म्हणजे कवा?"

"ते मला नाय, इंजिनाला विचारा."

काकूंनी हे शब्दशः मनावर घेतलं. खोलून घ्यायचं मात्र त्यांना पटेना. कुणा परक्याने तिच्या पोटात हात घालायचा, आणि आत काही नसलंच तर धडधाकट इंजिन उगाच फाडल्यासारखं. त्यापेक्षा ऐकायचं. त्या दिवशी पुढे पेणला जाण्याचा धीर त्यांना झाला नाही. अंधारात, बिनभरवशाच्या गाडीतून नको, म्हणून आम्ही हळूहळू रोह्याला परतलो. आणि दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी अंगणात एक नवा कार्यक्रम सुरू झाला. काकू गाडी सुरू करायच्या, बॉनेट उघडायच्या, लाटण्याचं एक टोक इंजिनाला लावायच्या, दुसरं कानाला. लाटणं तेलकट झाल्यामुळे घरात पोळ्या बंद झाल्या, तांदळाच्या भाकऱ्या सुरू झाल्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून त्या ऐकायला लावायच्या. पोस्टमनने ऐकलं, दूधवाल्याने ऐकलं, भटजींनी तर पायताण काढून ऐकलं. आळीत दोन तट पडले. आवाज आहे म्हणणारे आणि नाही म्हणणारे. डॉक्टर काकूंचं ब्लडप्रेशर बघायला आले होते, त्यांनाही काकूंनी स्टेथोस्कोप लावायला लावला. डॉक्टर विनोदी होते. म्हणाले, ठोके नियमित आहेत, पण मीठ कमी करा. काकूंनी त्यांना चहा दिला नाही.

मला रोज विचारायच्या. मी शाळेला उशीर होत असला की 'नाही' म्हणायचे, सुट्टी असली की 'थोडासा आहे' म्हणायचे. खरं सांगायचं तर मला सगळीच इंजिनं सारखी ऐकू येतात.

या गमतीला दुसरी बाजू होती ती रविवारची. अशा गाडीत बायला बसवायचं नाही, हे काकूंनी ठरवून टाकलं होतं. "बांधावर मधेच बसली तर? तिचा गुडघा असा. वर ऊन, खाली चिखल. उचलून कोण आणेल?" म्हणून काकू डबा घेऊन एसटीने जाऊ लागल्या. दसऱ्याच्या पुढच्या रविवारी मीही बरोबर गेले. काकूंनी सोनं पुढे केलं. बायने ते घेतलं, पण तोंड भिंतीकडेच.

"गाडी मेली, म्हणून एसटीने आलीस. उद्या पत्राने येशील."

"मेली नाय गो. बघतेय. आवाज कळला की आणते."

"बघ, बघ. निवांत बघ."

दिवाळी गेली, थंडी पडली, तरी आवाज काही कळेना. बाय घरातच. आता तिचं बोलणंही आटलं होतं. काकू डबा उघडून ठेवायच्या, ती खायची, आणि मग दोघी दोन भिंतींना टेकून बसायच्या. पौषात एका रविवारी मी पुन्हा बरोबर गेले. बाय दारात बसली होती. त्या दारातून समोरच्या घराची पाठ तेवढी दिसायची. तिने मला हळूच विचारलं, "आगरात पाणी घेतलं काय गो लोकांनी? मीठ पडायला लागलं?" जिचा जन्म मिठागरावर गेला, ती हाकेच्या अंतरावरच्या मिठाची खबर मला, घाटावरच्या बाईला विचारत होती. मला फार वाईट वाटलं. काकूंनीही ते ऐकलं असावं. परतीच्या एसटीच्या सगळ्या खिडक्या ताशासारख्या वाजत होत्या, पण काकूंनी एका शब्दाने तक्रार केली नाही. रोहा आलं तेव्हा म्हणाल्या, "पुढच्या रविवारी गाडी काढू. बसली तर बसली."

त्या रविवारची तयारी लढाईची होती. तेलाचे डबे, पाण्याचा कॅन, दोरखंड, छत्री, बायला बसायला घडीची खुर्ची, चटई, थर्मास, आणि पाटावरचा तो पाना. गाडी बसणार हे गृहीत धरूनच आम्ही निघालो. खिंडीत काकूंचा श्वास अडकला होता. नागोठणं दिसल्यावर तो सुटला. वडखळ, पेण मागे टाकून आम्ही बायच्या दारात उभ्या राहिलो. बाय काठी घेऊन उठली आणि पुढच्या सीटवर येऊन बसली.

बांधावर गाडी मधोमध आली. दोन्ही बाजूंना मिठागरं, मिठाचे पांढरे ढीग उन्हात चमकत होते. आणि आवाज आला. तोच, डब्यातल्या वालाचा. मलासुद्धा ऐकू आला, म्हणजे तो नक्की होता. काकूंनी गाडी कडेला घेतली. हात किल्लीकडे गेला. बायने त्यांचं मनगट धरलं.

"बंद करू नको."

"अगो, आवाज आला."

"आला तर आला. बंद केलीस तर परत सुरू व्हईल काय?"

"नाय माहीत."

"मग चालू दे. मला बोलायचंय."

काकू काहीतरी म्हणणार होत्या, पण बायने हात सोडला नाही. गाडी जागच्या जागी धडधडत होती. बाय समोर मिठाकडे बघत बोलली. "आज ही बसेल, नाय बसली तर उद्या बसेल. मग तू एसटीने येशील. तुझेपण गुडघे जातील. मग यायची बंद. मग मी त्या भिंतीकडं बघत बसू. मला घेऊन जा तुझ्याकडं."

 काकू म्हणाल्या, "कोंडा खायला?"

"तो शब्द अजून धरून बसलीस? तुझा नवरा गेला व्हता गो तेव्हा. तुझ्यावर माझं ओझं कशाला, म्हणून तोंडातून निघून गेलं. मला वाटलं, परत विचारशील. मग नाय विचारलंस तर मीच विषय काढायची दर रविवारी. तू म्हणायचीस, गप, इंजिन ऐकू दे."

मी मागच्या सीटवर वालाच्या पिशवीशी खेळत होते. मला तिथे नसावंसं वाटत होतं आणि जावंसंही वाटत नव्हतं. काकूंनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नाही. कदाचित ते त्यांच्या लक्षातच आलं नसावं.

"परत विचारते," त्या म्हणाल्या. "येतेस काय माझ्याकडं राहायला?"

"व्हय."

"मग पुढच्या रविवारी येते. तोवर बांधाबांध करून ठेव."

"सामान बांधलेलं हाय," बाय म्हणाली. "दसऱ्यालाच बांधलं. सोनं घेऊन आलीस की सांगायचं, असं ठरवलं व्हतं. तू आलीच नाय."

 काकूंनी गाडी वळवली. घरात कोपऱ्यात खरोखरच एक मोठं गाठोडं होतं. एवढे महिने बाय त्यातूनच रोजचं लुगडं काढत होती आणि पुन्हा गाठ मारून ठेवत होती. ते गाठोडं, काठी, तांब्या, असा तिचा सगळा संसार आम्ही डिकीत आणि माझ्या मांडीवर बसवला. शेजारणी निरोप द्यायला आल्या, रडल्या. काकूंनी त्या सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं की हिला मी नेतेय, मीच विचारलं, ती आपणहून नाय आली. हे लोकांना कळायलाच हवं होतं.

रोह्यापर्यंत इंजिन खुळखुळत होतं. खिंडीत तर मी मनातल्या मनात माझ्या गावच्या देवाला नारळ बोलले. बाय मात्र वडखळपासून जी बोलत सुटली ती घर येईपर्यंत थांबली नाही, आणि काकूंनी तिला एकदाही अडवलं नाही. अंगणात गाडी उभी करून काकूंनी किल्ली फिरवली. खुळखुळ थांबली. आम्ही बायला दोन्ही बाजूंनी धरून ओसरीवर नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात लाटण्याचा कार्यक्रम झाला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. गाडी तिथेच उभी होती, वर कोंबड्या बसू लागल्या. शेवटी मीच विचारलं, "काकू, आता तरी गॅरेजवाल्याला बोलवायचं का? इंजिन खोलून बघेल, काय झालंय ते तरी कळेल."

काकू ओसरीवर बायच्या गुडघ्याला तेल चोळत होत्या.

"राहू दे गो," त्या म्हणाल्या. "आता मला जायचंय कुठं?"